तेजीच्या पोटातली पडझड

१ जुलै १८६५ ही तारीख मुंबईच्या शेअर दलालांच्या वह्यांत कित्येक महिने आधीपासून लिहिलेली होती. त्या दिवशी वायद्याच्या शेकडो सौद्यांची मुदत भरत होती. चढ्या भावाने शेअर घ्यायचा शब्द ज्यांनी दिला त्यांनी पैसे मोजायचे, विकायचा शब्द दिला त्यांनी शेअर हवाली करायचे, असा साधा हिशेब होता. दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्यांकडे पैसे नव्हते आणि देणाऱ्यांच्या हातातल्या कागदाला भाव नव्हता. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या शेअरने तेजीत पन्नास हजारांची मजल मारली होती. तो दोन हजारांच्याही खाली घसरला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता. पुढे तो ८७ रुपयांना विकावा लागला.

या धक्क्याची चाहूल आधीच लागली होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी ९ एप्रिलला शरणागती पत्करली होती. युद्ध संपलं की अमेरिकेचा कापूस पुन्हा लँकेशायरच्या गिरण्यांकडे निघणार आणि मुंबईच्या कापसाचा भाव उतरणार, हे पेढीवरच्या मुनीमालाही कळत होतं. तरीही शहर सावरलं नाही. सावरायचं म्हणजे शेअर विकून कर्ज फेडायचं, आणि ते सगळ्यांनाच एकदम करायचं होतं. मग घेणार कोण?

आर्थिक स्थैर्य हा शब्द वापरताना सहसा महागाईचा दर, विकासाचा दर, रुपयाचा भाव डोळ्यांपुढे येतो. हे आकडे महत्त्वाचे आहेतच, पण ते वरवरचे आहेत. त्यांच्या खाली एकमेकांना दिलेल्या शब्दांचं दाट जाळं असतं. ठेव मागाल तेव्हा परत मिळेल, पगार महिन्याअखेरीस होईल, माल उधारीवर नेलेला व्यापारी दिवाळीपर्यंत पैसे चुकते करील, सरकार आपले रोखे मुदतीत फेडील. या शब्दांच्या भरवशावर माणसं मुलीचं लग्न ठरवतात, घराचा हप्ता बांधून घेतात, कारखाना वाढवतात. हा भरवसा टिकतो तोवर अर्थव्यवस्था स्थिर. तो तुटतो कधी, हा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा वाईट काळाकडे बोट दाखवतं: युद्ध, दुष्काळ, साथ. मुंबईचा १८६५ चा अनुभव वेगळं सांगतो. दिलेले शब्द ऐपतीबाहेर गेले ते चांगल्या दिवसांत. वाईट दिवसांनी फक्त हिशेब मागितला.

त्या चांगल्या दिवसांची सुरुवात खोटी नव्हती. १८६१ पर्यंत ब्रिटनला लागणाऱ्या कापसातला सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेतून येई. युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा आखूड धाग्याचा कापूस, ज्याला एरवी तिथे नाकं मुरडली जात, तो मिळेल त्या भावाने उचलला जाऊ लागला. युद्धाच्या काळात मुंबईला नेहमीच्या दरापेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त मिळाले असा अंदाज आहे. एवढा पैसा गुंतवायला शहरात उद्योग नव्हते, म्हणून कंपन्याच निघू लागल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या वगैरे ८ जमीन कंपन्या होत्या.

जमिनीची गरजही खरी होती. बेटावर जागा अपुरी होती, रेल्वे आली होती, गोद्या हव्या होत्या. बॅक बेमध्ये भराव घालून जमीन काढणं ही वेडगळ कल्पना नव्हती. त्या किनाऱ्यावर पुढे रेल्वे धावली, आणखी पुढे मरीन ड्राइव्ह उभा राहिला. तेजीत फसणाऱ्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. प्रत्येक मोठ्या तेजीच्या मुळाशी एक खरी गोष्ट असते, आणि म्हणूनच शहाणी माणसं तिच्यात पैसे घालतात. चूक होते ती खऱ्या गोष्टीच्या मुदतीत. चार वर्षं चाललेलं युद्ध कायमचं चालणार, या गृहीतकावर मुंबईने शब्द दिले.

ते शब्द वाढले कसे, हे बँक ऑफ बॉम्बेच्या कारभारात जवळून दिसतं. १८४० मध्ये सुरू झालेली ही बँक साधीसुधी नव्हती. सरकार तिचं भागधारक होतं, सरकारचे संचालक तिच्या मंडळावर बसत. सुरुवातीला तिच्यावर कडक बंधनं होती आणि त्यामुळे ती सुरक्षित होती. १८६३ मध्ये तिच्यासाठी नवा कायदा झाला, बंधनं सैल झाली आणि कंपन्यांचे शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची वाट खुली झाली. आता गणित असं चाललं: शेअर तारण ठेवायचा, कर्ज काढायचं, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे. खरेदी वाढली की भाव चढायचा, भाव चढला की तारणाची किंमत वाढायची, ती वाढली की आणखी कर्ज मिळायचं. बँकेच्या वहीत सगळी कर्जं भक्कम तारणाची दिसत होती. पण ते तारण बँकेच्याच पैशाने फुगलेलं होतं. कर्ज थांबलं की तारणही बसणार, हे त्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद होते. कापसाचे आणि शेअरचे दलाल, बुद्धीने तल्लख, शब्दाला वजन असलेले. बँकेच्या कारभारावर त्यांचा प्रभाव इतका होता की त्यांच्या शिफारशीवर मोठाली कर्जं सुटत. पुढे सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने बँकेच्या अपयशाची चौकशी केली तेव्हा हे बाहेर आलं. तोवर भांडवलाचा बहुतेक भाग गेला होता आणि १८६८ मध्ये जुनी बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. प्रेमचंदांना खलनायक ठरवून विषय संपवणं सोपं आहे. पण याच माणसाने विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि मनोऱ्याला मिळून चार लाख रुपये दिले होते. आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही फोर्टात उभा आहे. शहर त्यांच्यामुळे बुडालं नाही. ज्यांनी कर्जाला मर्यादा घालायची होती, त्या संचालकांनी आणि सरकारने तेजीच्या भरात ती मर्यादा उठवली, म्हणून एका माणसाचा शब्द बँकेच्या नियमापेक्षा मोठा झाला.

या पडझडीची किंमत दलाल स्ट्रीटवर संपली नाही. ती घाट उतरून नव्हे, घाट चढून देशावर गेली.

तेजीच्या काळात मुंबईचे निर्यातदार गावच्या सावकारांना पैसा पुरवत होते आणि सावकार रयतेला सढळ हाताने कर्ज देत होते. युद्ध संपताच निर्यातदारांनी हात आखडता घेतला आणि तो आखडलेला हात खालपर्यंत पोचला. सावकारांनी नवं कर्ज थांबवलं, जुन्याची वसुली सुरू केली. त्याच सुमारास जमीन महसुलाची नवी आकारणी झाली आणि कित्येक गावांत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. भाव उतरलेले, कर्ज बंद, सारा दीडपट-दुप्पट. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं वैध राहणार होता. कुळाला संरक्षण मिळावं हा त्यामागचा हेतू, पण सावकारांनी दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या ठिकाणी आसपासची रयत जमली. त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून वह्या आणि खतं मागितली, ती पेटवली, काही ठिकाणी धान्य लुटलं. उठाव अहमदनगर जिल्ह्यात पसरला, तीसहून अधिक गावं त्यात आली. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. या दंग्यांची कारणं अनेक होती, कापसाची मंदी हे त्यांतलं एक. तरी लोकांनी काय जाळलं ते पाहावं. माणसं मारण्यापेक्षा त्यांना कागद नष्ट करायचे होते. जे शब्द पाळणं अशक्य होऊन बसलं होतं, ते त्यांनी आपल्या हाताने रद्द केले. स्थैर्य मोडतं तेव्हा मधल्या फळीतले व्यापारी दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतात, आणि सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसाकडे तेवढाही आसरा नसतो.

हे का घडतं याची सगळ्यात नेमकी मांडणी अमेरिकन अर्थतज्ज्ञ हायमन मिन्स्की यांनी केली. १९१९ मध्ये जन्मलेले मिन्स्की हयातीत फारसे चर्चेत नव्हते. १९९६ मध्ये ते गेले आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतर जगाला त्यांची आठवण झाली. त्यांच्या मते कर्जदार तीन प्रकारचे. पहिला आपल्या उत्पन्नातून मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडतो. दुसऱ्याचं उत्पन्न व्याजापुरतं पुरतं, मुद्दलासाठी त्याला दर वेळी नवं कर्ज लागतं. तिसऱ्याला व्याजही भागत नाही. आपल्याकडची मालमत्ता महाग होत जाईल एवढ्याच आशेवर तो तगतो. मंदीतून नुकत्याच बाहेर आलेल्या अर्थव्यवस्थेत पहिल्या प्रकारचे कर्जदार जास्त असतात, कारण सगळ्यांचं तोंड पोळलेलं असतं. मग बरी वर्षं येतात. कर्जं वेळेवर फिटतात, बँका अटी सैल करतात, सावध माणूस मागे पडतो आणि धाडसी माणूस श्रीमंत होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे कर्जदार वाढत जातात. म्हणजे शांततेची वर्षंच पुढच्या पडझडीची तयारी करत असतात. १८६४ ची मुंबई तिसऱ्या प्रकारच्या कर्जदारांनी भरलेली होती.

बँकांचा आणखी एक मूलभूत दुबळेपणा आहे. ठेव मागताक्षणी परत करायची, पण कर्ज वर्षानुवर्षांसाठी द्यायचं, यावरच बँक चालते. सगळे ठेवीदार एकाच सकाळी आले तर जगातली कोणतीही बँक, अगदी सचोटीने चालवलेलीसुद्धा, उभी राहू शकत नाही. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये हे गणिताने मांडलं आणि २०२२ मध्ये बेन बर्नांकी यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. उपायही त्यांनी सांगितला: ठेवींना विमा असला की रांगेत पहिला नंबर लावण्याची गरजच उरत नाही. भारताने हा धडा ठेचकाळून घेतला. १९६० मध्ये केरळची पालाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळल्या, त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला.

तरीही सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या शाखांपुढे मुंबईत माणसं रडत उभी होती. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदाराला आपल्या खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ही मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढली. निवृत्तीची पुंजी, औषधपाण्याचे पैसे, गृहनिर्माण संस्थांचे निधी सगळं अडकलं. कारण बघितलं तर १८६५ ची आठवण व्हावी: बँकेच्या कर्जातला सत्तर टक्क्यांहून मोठा वाटा एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि तो हजारो बनावट खात्यांआड दडवला होता. जमिनीचे भाव चढते होते तोवर हे झाकून राहिलं. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर अडकून पडली होती; ती पाच लाख झाली ४ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे लोक रस्त्यावर आल्यानंतर. बँक जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवी असलेल्यांना पूर्ण पैशासाठी वर्षानुवर्षं थांबायला लावणारी ती योजना होती.

बँक नसलेल्या संस्थाही याच वाटेने जातात. आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेने २०१८ मध्ये हप्ते चुकवायला सुरुवात केली तेव्हा तिच्यावर नव्वद हजार कोटींहून अधिक कर्ज होतं, आणि अगदी थोड्या दिवसांपूर्वीपर्यंत तिला सर्वोच्च पतमानांकन होतं. पंचवीस-तीस वर्षांनी पैसा परत करणारे रस्ते आणि बोगदे ती काही महिन्यांच्या उसनवारीवर बांधत होती. उसनवारी मिळत राहिली तोवर सगळं सुरळीत होतं. पुढे वर्षभर गृहकर्ज कंपन्यांपासून म्युच्युअल फंडांपर्यंत एकमेकांना पैसा देताना सगळ्यांचे हात कापत होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: संकट बाहेरून येतं, त्याला कोण काय करणार? श्रीलंकेचंच पाहा, असं सांगितलं जातं. २०१९ चे ईस्टरचे बॉम्बस्फोट, मग कोविड, पर्यटन बंद, मग तेल महाग. हे सगळं खरं आहे. पण २०१९ च्या अखेरीस तिथल्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला होता, एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली होती आणि परकीय गंगाजळी आटत असतानाही रोखे फेडत राहण्याचा हट्ट धरला होता. १२ एप्रिल २०२२ ला कर्जफेड थांबवल्याचं जाहीर झालं तेव्हा पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. सप्टेंबरपर्यंत महागाई ७० टक्क्यांच्या आसपास गेली. धक्के बाहेरचे होते, ते सोसण्याची ताकद मात्र आतूनच खर्ची पडली होती.

भारताचं १९९१ हेच सांगतं. आखाती युद्धाने तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला हे निमित्त. खरी तयारी ऐंशीच्या दशकात झाली होती. त्या वर्षांत विकासदर चांगला होता, आणि त्याचा बराच भाग उधारीवर चालला होता. शेवटी शेवटी ती उधारी अल्प मुदतीची झाली. गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण म्हणून पाठवावं लागलं. ज्या देशात घरातलं सोनं गहाण टाकणं ही शेवटची पायरी मानली जाते तिथे ही गोष्ट लोकांच्या जिव्हारी लागली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: एवढी सावधगिरी पाळली तर विकास होणार कसा? धोका घेतल्याशिवाय गिरण्या उभ्या राहत नाहीत, रेल्वे धावत नाही. हे मान्यच करायला हवं. प्रश्न धोका घ्यावा की नाही हा नाही. तो कोणाच्या पैशाने घेतला जातोय, आणि फसला तर कोणाच्या डोक्यावर पडणार, हा आहे. स्वतःचं भांडवल घालून कारखाना काढणारा बुडाला तर नुकसान त्याच्यापाशी थांबतं. ठेवीदारांच्या पैशाने खेळलेला डाव सुप्याच्या बाजारापर्यंत पोचतो.

आणि सावधगिरीने विकास अडतोच असंही नाही. २००५ ते २००७ या ऐन तेजीत रिझर्व्ह बँकेने, वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना, व्यापारी बांधकामांना दिलेल्या कर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. तेव्हा हे धोरण जुनाट आहे अशी टीका झाली. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली आणि पाश्चात्त्य बँका सरकारच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा भारतीय बँका पायावर उभ्या होत्या. त्यानंतर मात्र हा धडा सुटला. वीज, पोलाद, रस्ते यांना सढळ कर्जं वाटली गेली आणि मार्च २०१८ पर्यंत बँकांची बुडीत कर्जं एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांवर गेली. ती भरून काढायला सरकारी बँकांत करदात्यांचे पैसे ओतावे लागले.

आज बुडीत कर्जांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली आहे आणि गंगाजळी ६०० अब्ज डॉलरच्या वर आहे. म्हणजे शांततेची वर्षं आहेत, आणि बघायचं ते आत्ताच. तारणाशिवाय दिल्या जाणाऱ्या ग्राहक कर्जांचा पूर आल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठीची भांडवलाची अट कडक केली. त्या कर्जांपायी एकही बँक बुडालेली नसताना उचललेलं हे पाऊल योग्य होतं. शेअर बाजारातल्या वायद्यांबाबत मात्र उशीर झाला. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. १८६५ मध्ये वायद्याचा खेळ शहरापुरता होता. आता तो तालुक्याच्या गावातल्या पोराच्या मोबाइलवर आहे.

महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांचं जाळं देशात सर्वांत दाट आहे. लाखो मराठी माणसं त्यांचे ठेवीदार आहेत आणि सभासदही. सभासदाला वार्षिक सभेत बोलण्याचा हक्क असतो, पण बहुतेक सभा अहवाल मंजूर करून, चहा-नाश्ता घेऊन संपतात. पुढच्या सभेला जाण्याआधी आपल्या बँकेचा छापील अहवाल उघडावा आणि एकच आकडा शोधावा: सगळ्यात मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के वाटा आहे. सापडला नाही तर सभेत उभं राहून विचारावा, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.